एक रेघ, शेजारी सही

अण्णा,

तुझ्या तेराव्याला आलेल्या माणसांनी एकूण सात चुका केल्या. मी मोजल्या. तू फोटोत बसलेला, मग मोजायच्या कोणी?

पहिली चूक त्या फोटोतच होती. सब-इन्स्पेक्टर असतानाचा तुझा जुना फोटो वहिनीने मोठा करायला दिला होता. फोटोवाल्याने तो मोठा केला, रंगवला, आणि स्वतःच्या मनाने तुझ्या खांद्यावर तिसरा तारा काढून दिला. वर वहिनीला म्हणतो, "दोनच होते अम्मा, स्वल्प कमी वाटले." दोन तारे म्हणजे सब-इन्स्पेक्टर आणि तीन म्हणजे इन्स्पेक्टर, हे त्याला कोण सांगणार! तिसऱ्या ताऱ्यासाठी तू बावीस वर्षं बूट झिजवलेस आणि या पठ्ठ्याने कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात बढती देऊन टाकली.

दुसरी चूक चिक्कपेठेतल्या आपल्या कापडवाल्या तुकोजीरावांची. होसूर रोडवर धावत्या जीपमधून उडी मारून तू दरोडेखोर कसा धरलास, ते त्यांनी हातवारे करून सांगितलं. अरे देवा! तुला जीपमध्ये पुढे बसलं तरी मळमळायचं. तो चोर तू धरलास तो त्याच्या घरासमोर तीन दिवस भुईमुगाच्या शेंगा खात बसून. तुकोजीरावांनी माझ्या नाटकांत इतकी वर्षं इन्स्पेक्टरचं काम केलं की तुझं कुठलं आणि त्यांचं कुठलं, हेच त्यांना आठवेनासं झालंय.

आणि तिसरी ऐक. तुझे शेवटचे शब्द म्हणे "कर्तव्य" असे काहीतरी होते. मी तिथेच होते. तुझे शेवटचे शब्द होते, "कॉफीत साखर कोणी घातली?" त्यानंतर तू आरामखुर्चीत डोळे मिटलेस आणि वहिनी बिनसाखरेची घेऊन आली तेव्हा तू उठला नाहीस.

बाकीच्या चार बारीकसारीक होत्या. मी कोपऱ्यात बसून मोजत होते आणि मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावला तर लोकांना वाटलं, मी रडतेय. ती आठवी चूक धरणार होते. पण थोड्या वेळाने ती चूक राहिली नाही, अण्णा.

तुकोजीरावांनी आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर लेख मागितलाय. "जन्म, शिक्षण, बदल्या, बढत्या, सगळं क्रमाने लिहा अक्का." मी सरी, बरं, म्हटलं आणि घरी आले. बदल्या-बढत्या तुझ्या सर्व्हिस बुकात आहेत, ज्याला हव्यात त्याने तिथे बघाव्यात. मला तुझ्याशी बोलायचंय.

चारचौघांत तू माझी ओळख कशी करून द्यायचास! "ही माझी धाकटी बहीण सुशीला. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते आणि वर्षातून एकदा खून करते." खून म्हणजे गणेशोत्सवातलं नाटक. दुसऱ्या मंडळांत पौराणिक नाटकं व्हायची, आपल्याकडे माझ्यामुळे पोलिसी. आणि त्या नाटकांतल्या चुका काढणारा तू. जगाच्या चुका काढायचास, सिनेमाच्या, वर्तमानपत्राच्या, पंचांगाच्यासुद्धा. पण स्वतःची एक चूक माझ्या भावाने जन्मात कबूल केली नाही. मेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी खरं बोलतेय. तुला तेच आवडलं असतं.

तुझ्याबरोबर सिनेमाला जाणं म्हणजे शिक्षा. मॅजेस्टिकजवळचा तो मॅटिनी आठवतो? पडद्यावर पोलिस अधिकारी खुनाच्या खोलीत शिरला आणि पाच मिनिटांनी बाहेर आला. तू खुर्चीतून अर्धा उठलास. "सुशे, आत जाताना दोन तारे होते, बाहेर येताना तीन! खोलीत बढती मिळते काय गं यांना?" पुढच्या रांगेतला माणूस वळून ओरडला, "सुम्ने कूतकोळ्री!" तू गप्प बसलास. पण मग पडद्यावरच्या साहेबांनी मेजावरचं पिस्तूल रुमालात गुंडाळून खिशात टाकलं, आणि झालं. "पुरावा आहे की सत्यनारायणाचा प्रसाद?" या वेळी तो माणूस हसला. मध्यंतरात तोच आपल्याला शोधत आला आणि तुला विचारत बसला, मग खरं कसं करतात हो? तू पंचनामा समजावलास, दोन पंच कुठून आणायचे, पुडक्याला लाखेचं सील कसं लावायचं. उरलेला सिनेमा तुम्ही दोघांनी मिळून झोडपला. मी एकटीच रडत होते, कारण नायिकेचा भाऊ मेला होता.

माझ्या पहिल्या नाटकाच्या वेळीही तू असाच पहिल्या रांगेत होतास. लोक श्वास रोखून बसलेले आणि तू भलत्याच ठिकाणी फिस्कन हसतोस! मला विंगेतून दिसत होतं. दुसऱ्या दिवशी रविवार. मी अजून वेणीही घातली नव्हती आणि तू दारात. "स्वल्प बसू का? फक्त अकरा आहेत."

अकरा चुका! इन्स्पेक्टरने बोडक्या डोक्याने सलाम ठोकला. "डोक्यावर टोपी नाही तर सलाम नाही. नुसतं ताठ उभं राहायचं." न्यायाधीशाने मेजावर हातोडा आपटला. "आपल्या कोर्टात हातोडा नसतो बाई, तो सुताराकडे असतो." मॅजिस्ट्रेटने फाशी दिली. "त्याच्या हातात नाही ते. सेशन कोर्टात ने आधी." साक्षीदाराने पोलिसापुढच्या जबाबावर ऐटीत सही केली. "जबाब आम्ही लिहितो, त्याची सही घेत नाही." मी मुकाट्याने ऐकत होते, पण शेवटच्या चुकीने माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझा खुनी शेवटच्या अंकात इन्स्पेक्टरच्या पायाशी बसून सगळं कबूल करत होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्याला.

"सुशे, पोलिसासमोरची कबुली कोर्टात चालत नाही. तुझा खुनी दुसऱ्या दिवशी सुटणार."

"मग नाटक संपवू कसं?"

"ते तू बघ. मी फक्त चुका दाखवतो."

रागाने मी तुला कॉफीसुद्धा विचारली नाही. पण पुढच्या वर्षीचं नाटक लिहून झालं तेव्हा कार्बन घालून दुसरी प्रत काढली आणि ती आधी तुझ्याकडे आणून दिली. चुका लोकांसमोर हसून दाखवण्यापेक्षा घरात दाखव, म्हटलं.

तेव्हापासून ती तुझी कचेरीतली पेन्सिल आपल्यामध्ये आली, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. लाल खूण म्हणजे पोलिसी कामाची चूक, मला ठाऊकच नसलेली. निळी म्हणजे मी विसरलेली. "लाल चुकीची शिक्षा नाही," तू म्हणायचास, "शिकलं की संपलं. निळीची आहे. ती तुझीच गोष्ट, तुलाच कशी आठवत नाही?" पहिल्या अंकात नोकराच्या डाव्या हाताला पट्टी, तिसऱ्यात उजव्या. मालक धोतरात मरतो आणि पंचनाम्यात त्याचा पायजमा निघतो. इन्स्पेक्टर कॉफी पिऊन पेला खाली ठेवतो, मग पुन्हा उचलून त्यातूनच पितो. त्या पेल्याभोवती तू निळं वर्तुळ काढलं होतंस आणि लिहिलं होतंस, "अक्षय्य पात्र?"

आणि पडद्यावर रंगवलेलं ते घड्याळ! नेहमी दहा वाजून दहा मिनिटं. "खून दुपारी, चौकशी संध्याकाळी आणि घड्याळ तिथेच," म्हणून तू इतका मागे लागलास की तुकोजीरावांनी दुकानातलं खरं घड्याळ आणून टांगलं. ते बरोबर सातला, मयत इसमावर पांढरी चादर घालत असताना, टण्‌टण् वाजायला लागलं. चादरीखालचा मयत इसम दचकून उठून बसला. तू पहिल्या रांगेतून मला बघून कान पकडलेस. तेवढं एक मात्र कबूल केलंस म्हणू या, पण ते खुणेने. तोंडाने नाही.

माझ्या प्रतींत खाडाखोड फार. नको असलेलं वाक्य मी गिरवून गिरवून काळं करायचे. ते बघून तू एकदा खरंच रागावलास. "हे असं करू नकोस. आमच्या स्टेशन डायरीत चूक झाली तर गिरवायचं नाही, खरवडायचं नाही, पान फाडायचं नाही. एकच रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी सही आणि तारीख. चूक केलीस ते माणसासारखं आहे. चूक झाकलीस तर तो गुन्हा." मी म्हटलं, हे नाटक आहे, ठाणं नव्हे. तू म्हणालास, "सवय एकच असते."

गेल्या वर्षी कोणीतरी दिल्लीहून आलं आणि सांगू लागलं, तिकडे घरात बसून चित्रं दिसायचं यंत्र आलंय, पुढेमागे आपल्याकडेही येईल, त्यावर नाटकं दाखवतील. तुझे डोळे असे चमकले! "म्हणजे पोलिसी नाटकं घरात? रोज? चुका बघायला तिकीटसुद्धा नको?" वहिनीने कपाळाला हात लावला. "अय्यो, ते आलं तर मी माहेरी जाते." ते यायच्या आधीच तू गेलास. बरी सुटली बिचारी, असं म्हणायला आज माझी जीभ वळत नाही.

आता त्या आचाऱ्याचं लिहिते. टाळत टाळत इथवर आले.

भाषावार राज्यं होऊन म्हैसूर राज्य मोठं झालं त्या सुमाराची गोष्ट. एका सकाळी तू माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला होतास आणि पुढची कॉफी निवून चालली होती. मी विचारलं, काय झालं? आणि तू आपणहून सांगितलंस. बसवनगुडीतल्या एका घरच्या सोन्याच्या बांगड्या गेल्या होत्या. घरच्यांनी आचाऱ्याकडे बोट दाखवलं. नंजप्पा त्याचं नाव, होसकोट्याचा. तू त्याला दिवसभर ठाण्यात बसवलंस. तो रडत म्हणत होता, मी नाही घेतल्या स्वामी. तू त्याच्या एक थोबाडीत दिलीस. दुसऱ्या दिवशी बांगड्या त्याच घरात तांदळाच्या डब्यात सापडल्या, घरच्या म्हातारीनेच भीतीने लपवून ठेवलेल्या. तू नंजप्पाला म्हणालास, "जा." तो गेला. पण एकदा पोलिसांनी नेलेल्या आचाऱ्याला कुठल्या घरची चूल मिळणार? महिन्याभरात तो गाव सोडून होसकोट्याला परतला.

"एकच दिली, सुशे," तू म्हणालास. "पण हात अजून आठवतो."

मी ती कॉफी पुन्हा गरम करून दिली. आणि दोन वर्षांनी ते सगळं नाटकात घातलं.

आचाऱ्याचा मी माळी केला, बसवनगुडीचं मल्लेश्वरम. बांगड्या, तांदळाचा डबा आणि थोबाडीत मात्र तशीच ठेवली. आणि शेवटी एक प्रवेश मनाने जोडला: इन्स्पेक्टर माळ्याच्या दारी जातो, टोपी काढतो आणि म्हणतो, "माझी चूक झाली."

नेहमीसारखी प्रत तुला आणून दिली. तुला न विचारता लिहिलं होतं, तर निदान आधी सांगून तरी द्यावी? नाही. मला वाटलं तुला आवडेल. इतकी मी मूर्ख.

तू माझ्यासमोर वाचलंस. एकही खूण केली नाहीस. शेवटच्या पानावर आलास आणि लाल टोकाने सावकाश लिहिलंस: "हे खोटं. पोलिस माफी मागायला कुणाच्या दारी जात नाही." माझ्याकडे वळवून दाखवलंस.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी सांगितलं ते तांदळाच्या डब्यापर्यंत. पुढचं?"

"पुढचं मी लिहिलं. जे व्हायला हवं होतं ते."

"व्हायला हवं ते कीर्तनात सांगतात. तू पोलिसाचं नाटक लिहितेस. हा प्रवेश काढ."

"नाही काढणार."

मग तू आवाज खाली आणलास. तू ओरडला असतास तर बरं झालं असतं. "मी ते बहिणीला सांगितलं होतं, सुशे. तू ते तुकोजीच्या तोंडी घातलंस."

इथे मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. "खोटं वाटतं ना? मग जाऊन ये एकदा होसकोट्याला. म्हणजे खरं होईल."

वहिनी आतून कॉफी घेऊन आली तोवर तू चप्पल घालून अंगणात उतरला होतास. तुझ्याच घरात मी पाहुणी आणि तूच बाहेर! ती प्रत जाताना तू खणात टाकलीस. दर वर्षी परत करायचास, ती एकच केली नाहीस.

नाटक झालं. तुझी खुर्ची रिकामी होती. शेवटच्या प्रवेशात तुकोजीरावांनी ठरल्याप्रमाणे टोपी काढली, "माझी चूक झाली" म्हणाले, आणि मग काय वाटलं कोण जाणे, त्याच बोडक्या डोक्याने माळ्याला खाडकन सलाम ठोकला. तू शिकवलेला अगदी पहिला नियम मोडला. मी विंगेत जीभ चावली. पण सभागृहात पंख्याचा तेवढा आवाज येत होता. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी खोकलं नाही. नंतर आपली शेजारीण, जिला मराठी निम्मं कळतं, माझा हात धरून नुसती उभी राहिली. मी सारखी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होते.

जवळजवळ वर्षभर आपण बोललो नाही. एका गावात, तीन गल्ल्यांच्या अंतरावर! निरोप वहिनीमार्फत. मग पुढच्या श्रावणात तू आलास, पाटावर बसलास आणि विचारलंस, "यंदा कोणाला मारतेस?" मी प्रत पुढे केली. तू पेन्सिल काढलीस. त्या प्रवेशाबद्दल तू बोलला नाहीस, मीही मूग गिळून बसले. पुढे इतकी नाटकं झाली, इतक्या लाल-निळ्या खुणा झाल्या, पण त्या गोष्टीला आपण दोघांनी हात लावला नाही. मी रोज ठरवायचे, आज म्हणू, अण्णा, तुझी गोष्ट तुला न विचारता मी चव्हाट्यावर मांडली. आणि रोज मनात यायचं, ते खोटं आहे असं याला अजून वाटत असेल तर? तो प्रवेश तुझ्या लेखी चूकच राहिली का, एवढंच मला विचारायचं होतं. आता विचारायचं कोणाला?

काल इथवर लिहून कागद मिटून ठेवले होते. वाटलं होतं, लेख असाच अर्धा संपेल.

आज दुपारी वहिनी आली. काखेत कापडात बांधलेलं गाठोडं. "तुझी नाटकं आहेत सुशीला. त्यांच्या खणात होती. मला वाळवी लागायची भीती वाटते, तू ठेव." बाकीच्या प्रती तू परत केल्या होत्यास, मग एवढं गाठोडं कसलं? उघडलं तर काय, नाटकाच्या दिवशी मंडळ वाटतं ते प्रत्येक वर्षाचं माहितीपत्रक, त्याच्या पाठीवर प्रयोगात झालेल्या चुका तुझ्या अक्षरात. आणि सगळ्यात खाली ती एक प्रत.

त्या वर्षीचंही माहितीपत्रक होतं, अण्णा. तुझी खुर्ची रिकामी होती ना? मग पाठीवर हे कोणी लिहिलं: "शेवटचा प्रवेश. टोपीशिवाय सलाम. राहू द्यावा." तू मागे उभा होतास. दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहून तू सगळं बघितलंस आणि मला न भेटता गेलास.

प्रतीचं शेवटचं पान वहिनीनेच उलटलं.

तुझं लाल वाक्य तिथेच आहे. "हे खोटं. पोलिस माफी मागायला कुणाच्या दारी जात नाही." त्याच्यावरून एक रेघ मारलेली आहे, पट्टी धरून मारावी तशी सरळ. खालचं सगळं वाचता येतं. रेघ निळी आहे. ठाऊक नसलेल्या गोष्टीची नव्हे, विसरलेल्या गोष्टीची. शेजारी तुझी आखूड सही आणि खाली तारीख.

ती तारीख मी विसरणं शक्य नाही. तो आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचा रविवार. आपण बोलत नव्हतो तेव्हाचा. त्या दिवशी संध्याकाळी मी दमून घरी आले तर वहिनी डबा घेऊन ओट्यावर बसलेली. पळसाच्या पानात बांधलेल्या दोन होळिग्या, आपल्या पुरणपोळ्या. सण नाही, वार नाही. मी विचारलं, कुठून? "हे होसकोट्याला गेले होते, प्लॉट बघायला म्हणून. कोणी ओळखीच्या आचाऱ्याने बांधून दिल्या म्हणाले. तुला दोन द्यायला सांगितलंय." आणि मी रागातच एक तुकडा तोंडात घातला आणि म्हटलं, "पुरण नीट वाटलेलं नाही."

आज वहिनीला पुन्हा विचारलं, त्या दिवशी अण्णा आणखी काय म्हणाला? तिने आठवत आठवत सांगितलं. "साध्या धोतर-कोटात गेले होते. पोलिसाचा एक कपडा अंगावर नाही. आल्यावर पाय धुतले. मी विचारलं, प्लॉट कसा आहे? तर म्हणाले, एक चूक होती, दुरुस्त करून आलो. मला वाटलं, प्लॉटच्या कागदांतली असेल." मग तिने विचारलं, "प्लॉट नव्हता ना गं?"

"नव्हता वहिनी," मी म्हटलं, आणि मग आम्ही दोघी ती प्रत मध्ये ठेवून पोटभर रडलो. तिने तिथेच मला सगळं विचारलं आणि मी तिला नंजप्पाचं सगळं सांगितलं. इतकी वर्षं तुझ्याबरोबर राहून तिला ठाऊक नव्हतं. तू फक्त मला सांगितलं होतंस. तेही मला आज कळलं.

काय बोललास रे तू त्याच्या दारात? घातलेली टोपी नव्हतीच, मग काढलंस काय? तो काय म्हणाला? त्याची चूल पुन्हा पेटली होती का? ज्याला थोबाडीत दिलीस त्याने तुला पोळ्या बांधून दिल्या, आणि तू त्यांतल्या दोन मला पाठवल्यास. तुझं उत्तर माझ्या घरी पळसाच्या पानात आलं होतं आणि मी त्यातही चूक काढली. अखेर तुझीच बहीण!

रागही येतोय तुझा. नुसतं एकदा म्हणायचं होतंस, "सुशे, जाऊन आलो." चार शब्दही नाहीत. पोलिसासमोरची कबुली चालत नाही म्हणत होतास, पण मी कुठे पोलिस होते?

असू दे. तू सांगितलं नाहीस, मी विचारलं नाही. आता माझं ऐक. तुझी गोष्ट तुला न विचारता मी लोकांसमोर मांडली. तिचा शेवट चांगला झाला म्हणून ती चूक बरोबर होत नाही. माझी चूक झाली, अण्णा. हे तुझ्या दारी येऊन म्हणायला हवं होतं, टोपी नसली तरी पदर होता. उशीर झाला.

पुढच्या रविवारी वहिनी आणि मी होसकोट्याच्या बसने जाणार आहोत. नंजप्पा असेल तर भेटेल. तू गेलास हे त्याला कोणीतरी सांगायला हवं, आणि पुरण छान होतं हेही.

तुकोजीराव आत्ताच येऊन लेख नेतो म्हणाले. मी सांगितलं, वहिनीने हो म्हटलंय, पण होसकोट्याला विचारून आल्याशिवाय छापायचा नाही; आणि स्वल्प थांबा, एक दुरुस्ती राहिलीय. पहिल्याच पानांत मी लिहिलंय की स्वतःची एक चूक माझ्या भावाने जन्मात कबूल केली नाही. ते वाक्य मी गिरवून काळं केलेलं नाही, पान फाडलेलं नाही. तुझ्याच पेन्सिलीने, निळ्या टोकाने, त्यावरून एक रेघ मारलीय. छापखान्यात अशी रेघ निघत नाही म्हणतात, म्हणून इथे लिहून ठेवते की ती आहे. खालचं वाचता येतं. शेजारी सही केलीय.

सुशीला